कुलवृत्तान्ताकडून ग्रामवृत्तान्ताकडे : नंदुरबार जिल्ह्यातील वंशेतिहासाची साधने आणि स्थानिक शाखांचे कार्य

१. विषयप्रवेश

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाने जे काही स्वतंत्र ग्रंथप्रकार निर्माण केले, त्यांत कुलवृत्तान्त हा एक विशेष उल्लेखनीय प्रकार होय. एका आडनावाची, आणि बहुधा एकाच गोत्राची, जेवढी म्हणून घराणी सापडतील तेवढ्यांची माहिती मिळवावयाची, मूळ गाव, कुलदैवत, स्थलांतर यांचा शोध घ्यावयाचा, आणि अखेर प्रत्येक व्यक्तीला वंशवृक्षात तिचे स्थान नेमून द्यावयाचे, असा हा उद्योग आहे. तो एकट्यादुकट्या माणसाच्या हातून पार पडण्यासारखा नसल्यामुळे त्यासाठी कुलमंडळे उभी राहिली. मंडळाचे मुख्य कार्यालय एका शहरी, जेथे कुलबांधवांची वस्ती दाट तेथे शाखा अथवा प्रतिनिधी, आणि सभासदांच्या घरच्या कागदपत्रांतून जमा होणारे साधनभांडार, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते.

प्रस्तुत लेखात विचारावयाचा प्रश्न असा की, ही रचना नंदुरबार जिल्ह्यासारख्या प्रदेशास कितपत लागू पडेल? २०११ च्या शिरगणतीनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ६९ हून अधिक होते. येथील बहुसंख्य कुटुंबांच्या घरी सनदा नाहीत, पोथ्या नाहीत, आणि आडनाव हे अनेकदा शाळेच्या अथवा कचेरीच्या दप्तरात प्रथम लिहिले गेलेले. मग अशा कुटुंबांना वंशेतिहास नाही, असे म्हणावयाचे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. साधने आहेत, परंतु ती आडनावाच्या सूत्रात ओवलेली नसून गावाच्या सूत्रात ओवलेली आहेत. म्हणून येथील कुलेतिहासाची शाखा कुळाची न असता गावाची असली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे. हा केवळ पद्धतीचा वाद नव्हे. या जिल्ह्यात वंशावळ सिद्ध होते की नाही यावर जमिनीचा, पुनर्वसनाचा आणि शिक्षणातील प्रवेशाचा निर्णय अवलंबून राहिलेला आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. हक्कासाठी वंशावळ, अभिमानासाठी वंशावळ

महाराष्ट्रात वंशावळी प्रथम लिहिल्या गेल्या त्या इतिहासासाठी नव्हेत. वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापला पूर्वज सांगत. गोतसभेपुढे अथवा सरकारात ‘करीना’ दाखल होई. निवाड्याच्या महजरात त्या पिढ्या उतरत. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले, तेव्हा शेकडो इनामदारांना आपला हक्क कोणत्या पुरुषापासून कसा चालत आला हे सांगावे लागले. मावजी व पारसनीस यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कैफियती, यादी वगैरे’ या संग्रहात घराण्यांनी सरकारात दिलेल्या अशा हकीकती आढळतात. अशा कागदांचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने एक गोष्ट विसरू नये: हक्क शाबीत करण्यासाठी सांगितलेल्या वंशावळीत हक्कास उपयोगी नसलेली माणसे गळतात. धाकटी पाती, निपुत्रिक मेलेले भाऊ, आणि जवळजवळ सर्व मुली या कागदांतून अदृश्य झालेल्या असतात.

विसाव्या शतकातील कुलवृत्तान्ताचा हेतू निराळा होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि घरोघरच्या दप्तरांचे महत्त्व सुशिक्षितांच्या मनावर बिंबविले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. माळ्यावरील रुमाल म्हणजे रद्दी नव्हे, ही जाणीव पसरली, आणि तिच्याच वातावरणात पुढे अनेक कुलवृत्तान्त तयार झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ एकत्र केल्या त्या सरदार-मुत्सद्द्यांच्या. कुलवृत्तान्तांनी हीच पद्धती शिक्षक, कारकून, भिक्षुक, वकील अशा सामान्य गृहस्थांपर्यंत आणली. छापील प्रश्नपत्रिका गावोगाव पाठवावयाच्या, उत्तरे न आल्यास समक्ष जावयाचे, जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, पत्नीचे माहेर इतका तपशील नोंदावयाचा, आणि ज्या घराण्याचा दुवा जुळत नाही ते ओढूनताणून न जोडता वेगळे ठेवावयाचे, ही शिस्त सामान्य नव्हे. अमेरिकन अभ्यासिका मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावन कुलवृत्तान्तांचा सामाजिक स्थित्यंतराचे साधन म्हणून विचार केला. घरच्या अभिमानासाठी जमविलेली माहिती समाजशास्त्रास उपयोगी पडते, हे त्यावरून ध्यानी आले.

तथापि या पद्धतीच्या मुळाशी तीन गृहीतके आहेत. आडनाव स्थिर आहे. ते वंशाचे द्योतक आहे. आणि सभासद साक्षर असून टपालाने उत्तर देऊ शकतो. कोकणातून देशावर आलेल्या लिहित्या कुटुंबांच्या बाबतीत ही तिन्ही बहुतांशी खरी ठरतात. सातपुड्यात त्यांतील एकही निःशंकपणे गृहीत धरता येत नाही.

३. नाव की ठिकाण?

हा पेच आपल्याच प्रांतापुरता नाही. इंग्लंडात वंशशास्त्राची जुनी संस्था १९११ साली लंडनला निघाली. परंतु सामान्य लोकांत या विषयाचा प्रसार झाला तो १९६० नंतर निघालेल्या प्रादेशिक संस्थांमुळे. १९७४ साली त्यांचा महासंघ झाला. या संस्थांची विभागणी मुख्यत्वे परगण्यांनुसार आहे, आडनावांनुसार नाही. कारण उघड आहे. तेथे १५३८ पासून प्रत्येक चर्चच्या हद्दीत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा झाली. साधन ज्या ठिकाणी, शाखाही त्या ठिकाणी. शाखेचे सभासद स्वतःच्या पूर्वजांपुरते न पाहता सबंध गावाच्या नोंदवहीची नक्कल करतात, थडग्यांवरील लेख उतरून घेतात, सूची तयार करतात. आणि दूरदेशी गेलेल्या कोणा अनोळखी माणसाला त्या सूचीत आपला पणजोबा सापडतो. एका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांचा निराळा संघ तेथे १९७९ साली निघाला खरा, परंतु त्याचेही काम या स्थानिक सूचींच्या आधारावर चालते.

यावरून एक सामान्य नियम काढता येईल. शाखेची रचना सभासदांच्या आवडीवरून ठरवावयाची नसून साधनांच्या स्वभावावरून ठरवावयाची असते. आता नंदुरबारची साधने कोणत्या स्वभावाची आहेत ते पाहू.

४. जिल्हा व त्याची दप्तरे

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले होते, आणि हा मुलूख पश्चिम खानदेशात होता. त्यामुळे आजच्या जिल्ह्याच्या नावावर जुने दप्तर शोधू जाणाऱ्यास निराशा यावयाची. त्याने धुळे व खानदेश या नावांखाली शोध घेतला पाहिजे. राजवाड्यांचा अखेरचा काळ धुळ्यास गेला, १९२६ च्या अखेरीस ते तेथेच निवर्तले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. ही या भागातील अभ्यासकांस जवळची व स्वाभाविक आधारसंस्था होय.

जिल्ह्याचे सहा तालुके आहेत: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी. तापीकाठचा सपाट, काळ्या जमिनीचा पट्टा आणि उत्तरेस सातपुड्याचा डोंगराळ भाग असे त्याचे दोन स्वभाव आहेत. सपाटीवर गुजर, राजपूत, मराठा, माळी, व्यापारी इत्यादी समाजांबरोबर भिल्ल शेतकरी व शेतमजूर. डोंगरात भिल्ल व पावरा. नवापुराकडे मावची व कोकणी. अक्कलकुवा-तळोदे भागात काठी, नाला, सिंगपूर यांसारख्या मेहवासी संस्थानिकांच्या जहागिऱ्या होत्या. खानदेशचा कलेक्टर त्यांचा राजकीय प्रतिनिधी म्हणून काम पाही. या घराण्यांचे वारसाहक्क सरकारने ठरविले, म्हणून त्यांच्या पिढ्या सरकारी कागदांत आल्या. त्यांच्याच मुलखातील रयतेच्या पिढ्या मात्र आल्या नाहीत. एकाच डोंगरात राजाची वंशावळ लेखी व रयतेची तोंडी, हा भेद योग्यतेचा नसून सरकारला कोणाची वंशावळ हवी होती त्याचा आहे.

५. भाटांच्या वह्या व तीर्थोपाध्यायांच्या वह्या

सपाटीवरील अनेक समाजांचा मूळ संबंध गुजरात-राजस्थानाशी असल्यामुळे तिकडची वहीवंचा भाटांची संस्था येथे विचारात घेणे अवश्य आहे. भाट ठरावीक वर्षांनी आपल्या यजमानांच्या गावी येतो, वही वाचून दाखवितो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावे मांडतो व बिदागी घेऊन जातो. ए. एम. शाह व आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ साली गुजरातेतील वहीवंचा बारोटांवर जो निबंध लिहिला, तो या विषयाच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. वंशावळकार आणि पुराणकार या दोन्ही भूमिका एकाच मनुष्याच्या ठायी कशा नांदतात, हे त्यात दाखविले आहे. वहीच्या आरंभी देव, ऋषी अथवा क्षत्रिय राजा असावयाचा. अलीकडच्या पिढ्यांत मात्र गाव, शेत, सोयरीक यांचा नेमका तपशील असावयाचा. म्हणून वही समग्र स्वीकारणे किंवा समग्र टाकणे या दोन्ही चुका होत. ज्या पिढीपासून नोंद समकालीन आहे, ती पिढी निश्चित करणे हे अभ्यासकाचे पहिले काम. हस्ताक्षर व शाई कोठे बदलते आणि गावांची नावे कोठून ओळखीची होऊ लागतात, यांवरून तो सांधा बहुधा सापडतो.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा स्वभाव निराळा आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार येथे गेलेला यात्रेकरू आपले नाव, गाव, बाप-आजा-पणजा, सोबतची मंडळी व तिथी वहीत लिहितो अथवा लिहवितो. नोंद त्याच दिवशी, त्याच माणसाच्या तोंडून झालेली असते, हे तिचे बळ होय. अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्रीय संस्थेने हरिद्वार इत्यादी ठिकाणच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली, ती हे बळ ओळखूनच. परंतु यात्रेस गेला त्याचीच नोंद व्हावयाची. शंभर कोस चालून जाण्यास ज्याच्यापाशी सवड, पैसा अथवा प्रयोजन नव्हते, त्याचे नाव तेथे कोठून असणार?

थोडक्यात, या दोन्ही साधनांनी सपाटीवरील सुस्थित कुटुंबांचा प्रश्न बराचसा सुटतो. डोंगरातील बहुसंख्य कुटुंबांचा सुटत नाही.

६. सरकारी नोंदी व नावांचा घोळ

यानंतर उरतात त्या गावच्या नोंदी: जन्म-मृत्यूचे गाव नमुना नंबर चौदा, ज्यास अनेक ठिकाणी ‘कोतवाल बुक’ म्हणतात, प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर, आणि मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झालेल्या हक्कनोंदणीतून पुढे आलेली फेरफाराची वही. यांतील फेरफार हे वंशेतिहासाचे सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. खातेदार मयत झाला म्हणजे वारसांची नावे लागतात. त्यात मुलगे असतात, विधवा असते, पुष्कळदा मुलींचीही नावे असतात. ‘करीन्या’त न सापडणारी स्त्री फेरफारात सापडते. मात्र अक्राणी व अक्कलकुवा भागांतील अनेक गावे दीर्घकाळ वनगावे राहिल्यामुळे, जेथे जमिनीचे खातेच नाही तेथे फेरफारही नाही.

या नोंदी वाचताना नावांचा घोळ फार जपून सोडवावा लागतो. डोंगरी भागात मुलाचे नाव पुष्कळदा जन्मवारावरून पडे: सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. समजा, एका पाड्यात तीन पिढ्यांत मिळून पाच बुध्या झाले. नोंद लिहिणाऱ्याने एकास ‘बुधा’, दुसऱ्यास ‘बुध्या’, तिसऱ्यास ‘बुधवाऱ्या’ असे लिहिले, आणि शाळामास्तराने चौथ्याचे ‘बुधाजी’ केले. आता दप्तरात माणसे किती? नुसत्या नावांवरून याचे उत्तर मिळणार नाही. पाडा, बापाचे नाव, बायकोचे गाव आणि शेजारी कोण, ही चार अंगे एकत्र ठेवली तरच माणूस निश्चित होतो.

आडनावाचीही तीच गत. पावरा हे जमातीचे नाव शेकडो कुटुंबांनी आडनाव म्हणून लावलेले आहे. ज्या कुळी पाहून सोयरीक टाळली जाते त्या कुळींची नावे त्याच्या आड झाकली जातात. पाडवी, वसावे, वळवी, गावित, नाईक ही नावे इतकी विस्तृत पसरलेली आहेत की, समान आडनाव म्हणजे समान पूर्वज हे अनुमान येथे करताच येत नाही. उलट एकाच बापाच्या दोन मुलांची आडनावे दोन शाळांत दोन प्रकारे लागणेही संभवते. या भूमीवर आडनावाचे मंडळ काढले तर ते नातलग नसलेल्यांना एकत्र आणील आणि नातलगांना दूर ठेवील.

७. तोंडी परंपरेची परीक्षा

म्हणून डोंगरातील प्रमुख साधन वृद्धांची स्मृती हेच राहते. लेखी नाही ते अविश्वसनीय, असा समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळांत अजूनही आढळतो. वस्तुतः भाटाच्या वहीला लावावयाची कसोटीच येथे लावावयाची असते: सांगणारा कोण, त्यास हे कोणाकडून कळले, यात त्याचा लाभ कोणता, आणि स्वतंत्रपणे दुसरा कोणी तेच सांगतो काय.

कालनिश्चितीचे साधनही परंपरेतच आहे. वय विचारल्यास वृद्ध मनुष्य आकडा सांगत नाही. परंतु आपला बाप छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे संवत १९५६ अर्थात इ. स. १८९९-१९०० मध्ये, केवढा होता, किंवा १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीत घरातील कोण गेले, हे घरात ऐकलेले तो सांगू शकतो. अशा खुणांना बांधून पिढ्या मांडल्या म्हणजे दोन-चार वर्षांच्या फरकाने काल निश्चित होतो. सोयरिकीचे नियम हे दुसरे साधन. कोणत्या कुळीत मुलगी देत-घेत नाहीत हे विचारले असता भाऊबंदकीचा जो पट उलगडतो, तो कोणत्याही लेखी वंशावळीहून विश्वसनीय असू शकतो. कारण तो रोज पाळला जात असतो. येथे स्त्रिया या साधनाच्या विशेष धारक होत. माहेर व सासर अशा दोन गावांच्या वंशावळी त्यांना ठाऊक असतात, आणि पुरुषांच्या कथनातील चूक पुष्कळदा त्यांच्याच सांगण्यावरून उघड होते.

८. वंशावळीवर काय अवलंबून आहे

येथवर जे विवेचन झाले ते पद्धतीचे झाले. आता त्याचे व्यावहारिक गांभीर्य पाहू.

शहादे-तळोदे भागात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना यांच्या लढ्याने पुढे आला. त्याच काळात महाराष्ट्राने अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरे त्याच्या कक्षेत आली. मूळ खातेदार मयत असल्यास मागणी वारसांनी करावयाची; म्हणजे वारसा दाखविणे आले.

१९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादाने निवाडा दिला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे यावयाची होती, आणि ती सर्व आजच्या अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील. निवाड्याने प्रत्येक प्रौढ मुलगा हे स्वतंत्र कुटुंब मानले. एका घरात प्रौढ मुलगे किती, कोण कोणाचा मुलगा, नोंदीच्या वेळी त्याचे वय काय, या प्रश्नांच्या उत्तरावर जमीन मिळणे अवलंबून राहिले. आणि ज्या गावांत जन्मनोंद विरळ, तेथेच हे प्रश्न विचारले गेले. शिवाय पुनर्वसनात पाड्यांची मांडणी मोडली. शेजारी कोण या खुणेवर उभी असलेली स्मृती, शेजार बदलताच दुबळी झाली. मणिबेलीपासून वरच्या गावांचा ग्रामवृत्तान्त उठण्यापूर्वी लिहिला गेला असता, तर तो इतिहासास आणि न्यायास सारखाच उपयोगी पडला असता.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात जमातीच्या दाखल्यांच्या तपासणीची पद्धती घालून दिली; पुढे महाराष्ट्राने २००० चा कायदा केला व तो २००१ मध्ये अमलात आला. अर्जदाराने वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे, आणि वंशावळीतील आप्तांच्या जुन्या नोंदी दाखवावयाच्या. आप्तसंबंधाची चाचणी हीच निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. त्यामुळे जुन्या कागदांचे वजन अधिकच वाढले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी मात्र एक महत्त्वाची वाट मोकळी केली: पुराव्यांच्या यादीत वंशावळ आणि वृद्धांचे लेखी नोंदविलेले कथन यांनाही स्थान दिले. जी परंपरा विद्यापीठांनी संशयाने पाहिली, तिला कायद्याने पुरावा म्हटले. त्याच २०२३ सालात मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या निमित्ताने सरकारने समिती नेमली, जुनी दप्तरे धुंडाळली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांची उणीव सर्वत्र भासली.

इनाम कमिशनाच्या काळापासूनचे हे एकच सूत्र आहे. सरकार वंशावळ मागते. ज्याच्यापाशी दप्तर आहे तो ती देतो. ज्याच्यापाशी नाही तो धावाधाव करतो, आणि धावाधावीत तयार झालेली वंशावळ संशयास्पद ठरते. हक्काचा प्रश्न उपस्थित होण्याच्या आधीच, कोणत्याही हक्काचा विचार मनात न आणता लिहिलेली वंशावळ हीच सर्वांत विश्वसनीय वंशावळ होय.

९. ग्रामशाखेचे स्वरूप

अशी वंशावळ कोण लिहिणार? आमच्या मते ग्रामशाखा. तिच्या कार्याची रूपरेषा पुढीलप्रमाणे मांडता येईल.

प्रथम, शाखेचा घटक गाव, आणि गावाचा घटक पाडा. पाड्यातील सर्व घरांची नोंद एकाच वेळी व्हावी. कोणत्याही एका कुळीची निवड करू नये. शेजारच्या घराची वंशावळ ही आपल्या वंशावळीची साक्षीदार असते.

दुसरे, सभासदांचे साधनभांडार ‘कागद’ या शब्दाने मर्यादित होऊ नये. शेतसाऱ्याची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, मजुरीचे कार्ड, लग्नपत्रिका, पोथीच्या मागच्या पानावर टिपलेला जन्म, मिरवणुकीत काढलेले छायाचित्र, ही सारी साधनेच. मूळ वस्तू घरीच राहावी; शाखेपाशी प्रत असावी, आणि प्रतीवर ती कोणाच्या घरची, कोणत्या दिवशी घेतली, हे लिहिलेले असावे. राजवाड्यांच्या पिढीला मूळ रुमाल उचलून नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज तसे नाही.

तिसरे, वृद्धांचे कथन त्यांच्याच भाषेत, भिल्ली, पावरी अथवा मावचीत, ध्वनिमुद्रित करून मग मराठीत उतरावे. नात्याचे शब्द मराठीत आणताना भेद पुसले जातात. मामा, फुवा, आतेभाऊ यांच्यातील मर्यादा प्रत्येक बोलीत सारख्या नसतात. शंका आल्यास मूळ शब्द तसाच ठेवावा.

चौथे, न जुळलेला दुवा न जुळलेलाच ठेवावा. कुलवृत्तान्तकारांची ही शिस्त ग्रामशाखेने जशीच्या तशी उचलावी. प्रत्येक नात्यापुढे ते नोंदीवरून, दोन स्वतंत्र कथनांवरून की एकाच कथनावरून घेतले, याची खूण असावी.

पाचवे, आणि हे सर्वांत नाजूक, हे भांडार कोणासाठी उघडे असावे? जेथे वंशावळीवर जमातीचा दाखला मिळतो तेथे दुसऱ्याच्या वंशवृक्षात आपले नाव घुसविण्याचा मोह उत्पन्न होतो. खोट्या दाखल्यांचा प्रश्न या राज्यात जुना व कटु आहे. म्हणून हयात व्यक्तींची माहिती प्रसिद्ध करू नये. मृत पिढ्यांची सूची अभ्यासकास पाहता यावी. आणि संपूर्ण नोंद ग्रामसभेच्या ताब्यात राहावी. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ साली झालेल्या कायद्याने ग्रामसभेस जे स्थान दिले आहे, त्याच्याशी हे सुसंगतच होईल. विद्यापीठाने विश्वस्ताची प्रत ठेवावी. मालकी सांगू नये.

१०. समारोप

या योजनेवर एक आक्षेप संभवतो. कुळाच्या अभिमानाने मनुष्य वर्गणी देतो, प्रवास करतो, रात्री जागून नोंदी लिहितो. गावासाठी तो हे करील काय? आक्षेप निराधार नाही. सपाटीवरील समाजांची मंडळे आडनावाच्या अथवा ज्ञातीच्या आधारावर चालली तर त्यांना अडविण्याचे कारण नाही. त्यांनी जमविलेल्या वह्या ग्रामशाखेच्या पूरकच ठरतील. परंतु डोंगरातील गावांत भाऊबंदकी, सण आणि पंच यांचे बंध गावाला धरूनच आहेत. तेथे गावाचा अभिमान कृत्रिमरीत्या निर्माण करावा लागणार नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. प्रबंधासाठी मोठा विषय शोधीत फिरण्याऐवजी एकाने एक पाडा घ्यावा, त्यातील घरांच्या चार पिढ्या मांडाव्यात, आणि गाव नमुना चौदा, शाळेचे रजिस्टर व वृद्धांचे कथन यांचा परस्परांशी मेळ घालून कोठे जुळते व कोठे जुळत नाही ते प्रामाणिकपणे नोंदवावे. काम लहान दिसेल. पण छप्पनच्या दुष्काळाची आठवण बापाच्या तोंडून ऐकलेली पिढी आता थोडी उरली आहे. दप्तर धुळ्यास दहा वर्षांनीही सापडेल, ती माणसे सापडणार नाहीत. साधनांचा अनुक्रम ठरविताना ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे.